गळ आणि दैव

आमच्या देवळीहून समुद्र गाठायचा म्हणजे आधी वर्धा, मग रात्रभर आगगाडी, आणि त्यानंतर कुठे तो खारा वारा नाकाला लागायचा. कापसाच्या आणि तुरीच्या या मुलखातल्या एका शाळामास्तराने समुद्रावरच्या हौशी मासेमारीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. दिवस दिवाळीचेच आहेत.

निमित्त असे घडले. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी मालवणला गेलो होतो. संध्याकाळी धक्क्यावर पाचसहा मंडळी गळ टाकून बसलेली दिसली. पोटासाठी आलेला त्यांत कोणी नव्हता. एक निवृत्त कारकून होते, एक शिंपी होते, एक माझ्याच पेशाचे होते. कोकणात या उद्योगाला 'गरवणे' असे छान नाव आहे. दोन दिवसांत शिकलेली मालवणी पाजळावी म्हणून मी कारकुनांना विचारले, "किती गावले?"

सगळे एकदम गप्प झाले. शेजारचे शिंपी हळूच म्हणाले, "असा इचारूचा नाय, गुरुजी." कारकुनांनी दोरा ओढून घेतला, गळावरची कोळंबी काढून नवी लावली, तिच्यावर थुंकल्यासारखे केले आणि गळ पुन्हा पाण्यात सोडला. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. अशाच एका प्रश्नाचे जुने देणे माझ्या अंगावर आहे. ते देणे काय, हे पुढे सांगतो. आधी, पोट भरलेला माणूस मासे का धरू लागला, हा इतिहास पाहू.

आमच्या देवळीला एक ताम्रपट सापडला होता. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इ. स. ९४० मध्ये, आपल्या भावाच्या नावे एका ब्राह्मणाला गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. नागपूरचा जुन्यात जुना उल्लेख याच पत्र्यावर सापडतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि मुलांच्या माना दर वर्षी उगीचच ताठ होतात. दान दिलेल्या गावाची एक सीमा म्हणजे नदी आहे. त्या नदीत मासे होते की नाही, हे ताम्रपट सांगत नाही. राजांनी दाने कोरून ठेवली, खेळ कोरून ठेवले नाहीत.

एका राजाने मात्र खेळही लिहून ठेवले. राष्ट्रकूटांचे राज्य इ. स. ९७३ मध्ये चालुक्यांकडे गेले. पुढे त्या चालुक्यांनी बिदरजवळच्या कल्याणीला राजधानी केली. त्यांच्यातला तिसरा सोमेश्वर मोठा रसिक आणि चौकस राजा होता. इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग आणि प्रत्येक भागात वीस प्रकरणे, असा हा टोलेजंग वाडा आहे. राज्य कसे मिळवावे येथपासून मांडे कसे करावे येथपर्यंत सारे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्यात आहे. म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना हा ग्रंथ प्रिय आहे. त्याची छापील आवृत्ती बडोद्याहून गजानन श्रीगोंदेकरांनी संपादन करून काढली. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये.

या ग्रंथाचा चौथा भाग वीस विनोदांचा आहे. विनोद म्हणजे थट्टा नव्हे. विनोद म्हणजे मन रमवण्याचा व्यवसाय. हत्ती, घोडे, कुस्ती आणि शिकार यांच्या पंक्तीला तिथे 'मत्स्यविनोद'ही बसला आहे. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत, याचे हे प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, अशी तिथे शिस्तीने विभागणी केली आहे. तीसहून अधिक जाती नावानिशी दिल्या आहेत. काठी, दोरी आणि गळ यांचे वर्णन आहे. भारताच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा हे स्वतः माशांचे मोठे जाणकार. १९५१ मध्ये त्यांनी या प्रकरणावर लेख लिहून त्याचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. समुद्राच्या माशांची अशी जानपछान ठेवणारा हा राजा राहत होता दख्खनच्या पठारावर. तेव्हा देवळीच्या मास्तराने लाजण्याचे काही कारण नाही.

या प्रकरणातली एक गोष्ट मात्र मला टोचते. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, याला राजाने बरीच जागा दिली आहे. आधी माशांना पोसायचे, आणि मग त्याच पाण्यात गळ सोडायचा. हे वाचताना मला माझे मामा आठवतात.

मामांचे गाव यशोदा नदीच्या काठी आहे. मी दहा वर्षांचा असेन. दिवाळीची सुटी होती आणि पावसाळा सरून डोह निवळला होता. मामांच्या काठीला मोरपिसाची दांडी तरंगायला बांधलेली असे. पण पहिले आठ दिवस त्यांनी काठीला हात लावला नाही. रोज सकाळी आम्ही डोहावर जायचे आणि कणीक व ढेप मळून केलेल्या गोळ्या पाण्यात टाकायच्या. डबा माझ्या हातात असे. चौथ्यापाचव्या दिवसापासून एक थोराड रोहू ठरल्या वेळी काठाशी येऊ लागला. त्याच्या शेपटीचा एक कोपरा तुटलेला होता. मी मनातल्या मनात त्याचे नावही ठेवले होते.

नवव्या दिवशी मामांनी काठी घेतली. बाहेर पडताना शेजारची बुढी अंगणात सडा घालत होती. एकटी राहणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी ती बाई. तिने सहज विचारले, "कुठी चाल्ला रे बापू सकायीच?" मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

डोहावर रोहू आला. रोजच्या विश्वासाने आला. मोरपिसाची दांडी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली, आणि मामांची नजर तिच्यावर खिळली असताना मी मागून एक दगड पाण्यात टाकला. पाणी उसळले आणि रोहू गेला. दरड कोसळली की मासा उडाला, हे मामांना कळले नाही. त्यांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "बुढीनं इचारलं तवाच मनात पाल चुकचुकली."

मी गप्प राहिलो. मार बसेल म्हणून गप्प राहिलो. त्या दिवसापासून मामा मासे धरायला निघाले की मागच्या गल्लीने जात. मामांचे पाहून दुसरेही जाऊ लागले. कोणी कापूस विकायला, कोणी मुलगी पाहायला, कोणी परीक्षेला. पण बुढीच्या दारावरून कोणी जाईना.

जगात हेच फार मोठ्या प्रमाणावर चालते. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा पंडित न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आला होता. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. तिथले लोक आतल्या शांत खाडीत मासे धरतात तेव्हा मंत्रतंत्र करीत नाहीत. तिथे मासा हमखास मिळतो आणि जिवाला धोका नसतो. तेच लोक उघड्या समुद्रावर निघाले की मंत्रांशिवाय त्यांचे पाऊल उचलत नाही. माणसाचे कसब जिथे संपते तिथे दैव सुरू होते, आणि दैव सुरू झाले की कोणाला तरी बोल लावावा लागतो.

समुद्रावरची हौशी मासेमारी तर सारीच या सीमारेषेवर चालते. तिचा अर्वाचीन इतिहास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅटलिना बेटापासून सांगतात. १८९८ च्या जूनमध्ये चार्ल्स होल्डर या गृहस्थाने काठी आणि फिरकी यांच्या बळावर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा, टूना धरला आणि त्याच वर्षी टूना क्लब काढला. काठी आणि दोरा हलकाच हवा, माशालाही लढायला वाव हवा, असा त्या क्लबाचा आग्रह होता. झेन ग्रे हा कादंबरीकार (आमच्या धंद्यातला म्हणून सांगतो) १९३० मध्ये ताहितीजवळ १,०४० पौंडांच्या मार्लिनशी झुंजला. मासा हाती येईपर्यंत शार्कांनी त्याचा लचका तोडला होता. १९३९ मध्ये अशा विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. १९५३ च्या ४ ऑगस्टला पेरू देशातील काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेलने १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून जड, काळा मार्लिन धरला. पावणेदोन तास झुंज चालली. त्या जातीतला तो उच्चांक अजून मोडलेला नाही. १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियात आल्फ डीनने २,६६४ पौंडांचा पांढरा शार्क काढला.

आता गंमत पाहा. इतक्या अवजड यशाचे हे धनी, पण त्यांच्या होडीवर केळे आणायची चोरी! केळ्याने मासा लागत नाही, अशी या हौशी मंडळींची समजूत आहे. कारणे दहा सांगतात, पक्के एकही नाही. शीळ घालू नये, वारा खवळतो. जहाजावर बाई असू नये, ही युरोपातल्या खलाशांची जुनी समजूत. आमच्या कोळीवाड्यात मासळीचा बाजार बायकांच्या ताब्यात असतो. भाव त्या ठरवतात आणि घरेही त्याच चालवतात.

कोळ्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो, सगळ्या समजुती सारख्या नसतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि त्याआधी होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची परंपरा. कोणी तिला भाबडेपणा म्हणेल. पण पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा विणीचा काळ तोच असतो. आज सरकारही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी घालते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ही बंदी उठल्यावर, पालघरजवळच्या मुरब्याच्या एका होडीला एकाच जाळ्यात १५७ घोळ मासे मिळाले. घोळीच्या पोटातल्या बोताला परदेशात मोठी किंमत येते. त्या एका फेरीचे सुमारे एक कोटी तेहतीस लाख रुपये आले, असे वर्तमानपत्रांनी छापले. लोक याला दैव म्हणाले. दैव असेलही, पण त्याआधी दर्याला विसावा मिळाला होता.

म्हणजे समजुतींचे दोन प्रकार दिसतात. एक समजूत माणसाचा स्वतःचा हात आवरते. दुसरी दुसऱ्याच्या कपाळावर काळा टिळा लावते. पहिलीने कोणाचे नुकसान होत नाही, उलट माशांचा वंश वाढतो. दुसरीने मासा तर मिळत नाहीच, माणूस मात्र गमावतो.

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने ती मराठीत आणली. तिच्यातल्या महाकाय माशाची झुंज सर्वांना आठवते. मला मात्र आठवते ते आधीचे. चाळीस दिवस मासा न मिळाल्यामुळे म्हातारा अपेशी ठरतो, आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या पोराला आईबाप दुसऱ्या होडीवर धाडतात. ते पोर मात्र रोज संध्याकाळी म्हाताऱ्याकडे येत राहते. मी माझ्या बुढीकडे गेलो नाही.

मालवणच्या कारकुनांवर माझा राग नाही. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन हसले आणि टोपलीतली तांबोशी त्यांनी मला दाखवली. मी काहीच विचारले नव्हते, म्हणून ती गावली असे त्यांना वाटले असेल.

गेल्या दिवाळीत मामा आमच्याकडे आले होते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. फराळ करता करता माझ्या मुलांना त्यांनी शेपूटतुट्या रोहूची गोष्ट रंगवून सांगितली. बुढीच्या प्रश्नापाशी आले तेव्हा मी म्हणालो, "मामाजी, तो दगड मी टाकला होता."

त्यांचा हात चिवड्याच्या बशीतच राहिला. "तू?"

"हो, मामाजी."

बराच वेळ ते दाराबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, "मंग बुढीले सांगाले पायजे होतं ना, बाप्पा."

बुढीला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.