खारं पाणी, गोडं पाणी

भाईंदर म्हटलं की आता लोकांना विरार लोकलची गर्दी आठवते, नाहीतर टॉवर. पण हा मुलूख मूळचा पाण्याचा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे भाताची खाचरं आणि मिठागरं. डोंगराच्या कडेला जी थोडी उंच जागा, तिच्यावर गावं वसली. राई, मुर्धे, मोर्वे ही आमची आगरी गावं त्यातलीच. आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा, म्हणून आम्ही आगरी.

माझे बाबा मिठागरावर जायचे आणि आई घरामागची वाडी करायची. दोघांचाही संबंध पाण्याशी, पण उलटा. भरतीचं खारं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, कोंड्यात खेळवायचं, उन्हात आटवायचं, हे बाबांचं काम. आणि पाचशे पावलांवर आईचं सगळं आयुष्य त्याच खाऱ्या पाण्याला वाडीपासून लांब ठेवण्यात गेलं.

खारजमीन म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. समुद्राला बांध घालून काढलेली ही जमीन. पावसात तिच्यातलं मीठ धुऊन जातं, तेवढ्यात तांबडा राता भात घ्यायचा. कापणी झाली की मीठ परत वर येतं, जमिनीवर पांढरी पुटं दिसतात. दुसरं पीक नाही. उधाणाला बांधाला खांड पडली तर पुढची काही वर्षं भातही नाही. म्हणून बांध दुरुस्तीला घरटी एक माणूस जायचाच, तिथं सबब चालत नसे. १९४८ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला, पण बांध राखायची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

तेव्हा भाजी पिकणार ती फक्त वाडीत, विहिरीच्या पाण्यावर. त्या विहिरीची गंमत अशी, की खाली समुद्राचं पाणी आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगत असतं. गोडं पाणी हलकं ना. जपून उपसलं तर उन्हाळाभर पुरतं, हावरेपणा केला की खालचं खारं वर चढतं. आईला हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, ती शाळेत गेलेलीच नाही. होळी झाली की ती रोज सकाळी पहिला पोहरा काढायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, थोडं थांबायची. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा. मग म्हणायची, "गोर हाय रं. शिंप." आमच्या बोलीत ड चा र होतो. गोड म्हणजे गोर.

जरा तोंड वाकडं झालं की त्या दिवशी फक्त मिरचीला आणि वांग्याला पाणी, बाकी वाफे तसेच. "इहिरीला दम खाव दे," म्हणायची.

आजोबांच्या काळी विहिरीवर बैलाचा रहाट होता, मातीच्या लोट्यांचा. मी पाहिले ते त्याचे दगडी खांब. आई हातानेच ओढायची. मी पाटाला उभा. पाणी सुटलं की त्याच्याबरोबर पळायचं, टाचेने माती सारून एका वाफ्यातून दुसऱ्यात घालायचं. पाय चिखलात थंडगार, वर ऊन. तोंडलीच्या मांडवाखाली वाकून शिरलं की पहिली तोंडली मी शोधायची की तिने, अशी आमची पैज असे. ती मुद्दाम हरायची हे मला फार उशिरा कळलं. कोवळा मुळा उपटून, पाटातच धुऊन, पानासकट खायचा. मिठाची पुडी बाबांच्या कृपेने कायम खिशात. त्या मुळ्याची चव मला पुढे कुठल्या हॉटेलात भेटली नाही.

१९७७ साली मी दहावी झालो. त्याच्या आधी कधीतरी शाळेत कळलं, की मिरची पोर्तुगीजांनी आणली. मी वाडीत येऊन आईला सांगितलं. ती हसत सुटली. "मंग आपला आजा कालवनान काय टाकत होता?" काळी मिरी, म्हटलं. तिला पटलं नाही. पण खरंच, त्या वाडीत आमचं म्हणून काय होतं? वांगं आणि तोंडली इथली. चवळी आफ्रिकेची. मिरची, रताळं, पपई, पेरू, काजू ही सगळी अमेरिकेकडून समुद्रावरून आलेली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली ती १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेईपर्यंत. त्याच मोहिमेत आमच्या शेजारचा धारावीचा किल्लाही मराठ्यांनी जिंकला. दोनशे वर्षांत माणसं आली-गेली, झाडं राहिली. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता, त्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होतं. त्याने तिथं बाग केली आणि इकडच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यात छापलं. पुस्तक लिहिणाऱ्या वैद्याचं नाव राहिलं. आमच्या मुलखात ज्या बाईने परसात पहिली मिरची लावली, तिचं नाव कोण सांगणार?

१८६४ मध्ये रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि आमच्या बायकांच्या डोक्यावरच्या हाऱ्याला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. आईसुद्धा पहाटे काळोखात तासभर चालून स्टेशन गाठायची. माठ-मुळ्याच्या जुड्या रात्रीच ओल्या गोणपाटात बांधायच्या. केळीच्या सोपटाची दोरी मी वळायचो, गाठ ती मारायची. मिठागराचा पैसा हंगामी. माझ्या वह्या, बहिणीचं लग्न, हे भाजीवर झालं. गावात मात्र विचारलं तर सगळे म्हणणार, घर मिठावर चाललं. मला ते तेव्हाही खटकायचं.

१९८५ मध्ये नगरपालिका झाली, पुढे आमची गावंही तिच्यात गेली. २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. नळ आला, रस्ता आला, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. हाऱ्याचं ओझं ज्याने वाहिलं नाही, त्याने जुन्या दिवसांचं कौतुक जरा जपून करावं. पण चारी बाजूंनी बोअर पडल्या, पंप बसले. एका चैत्रात आईने पहिला पोहरा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तिने विहिरीला हात लावला नाही. मग परत चाखलं. खारंच.

तोंडलीचा मांडव त्या वर्षी गेला. माठ तिथल्या तिथे करपला. वाडीच्या मोठ्या तुकड्यावर पुढे भावाचं घर उभं राहिलं.

आई आता पंचाऐंशीच्या पुढे. उरलेत चार वाफे, आणि गच्चीवर मातीने भरलेले सहा निळे ड्रम. वांग्याचं बी अजून तिचंच आहे, राखेत घोळून सुक्या दुधीच्या भोपळ्यात ठेवलेलं. दर पावसाळ्यात ती रोपं टाकते, मी ती ड्रमात लावतो. तिला जिना चढवत नाही, म्हणून खाली खुर्चीवर बसून ओरडते, "मुलाशी वत, पाल्यावर नुको." मुलाशी म्हणजे मुळाशी. मी सदुसष्ट वर्षांचा, नातवंडं हसतात. आणि पाणी नळाचं असलं तरी बादली आधी तिच्यासमोर न्यावी लागते. बोट बुडवून जिभेला लावते, थोडं थांबते, मग मान हलवते. मी बादली घेऊन वर जातो.