नेमबाजाची नजर

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा महाराष्ट्रातील घराघरांत मुलांना ठाऊक असते. झाडावर कृत्रिम पक्षी बसविला, एकेकास धनुष्य ओढावयास सांगितले आणि विचारले, 'तुला काय दिसते?' कोणी झाड सांगितले, कोणी फांदी, कोणी गुरू आणि भाऊ. अर्जुनास मात्र पक्ष्यावाचून दुसरे काही दिसेना. मूळ महाभारतात तो पक्ष्याचे केवळ शिर दिसते असे म्हणतो. लोकांच्या तोंडी त्या शिराचा डोळा झाला. तेव्हापासून एकाग्रता म्हणजे लक्ष्यावर खिळलेली दृष्टी, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे.

परंतु पिस्तुलाच्या शर्यतीत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या नेमबाजास हाच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर ऐकून द्रोणाचार्यही क्षणभर थबकले असते. लक्ष्य त्यास अंधुकच दिसते. किंबहुना ते अंधुक दिसावे हीच त्याची इच्छा असते. त्याची नजर असते ती पिस्तुलाच्या टोकावरील माशीवर. मागच्या बाजूस एक चौकोनी खाच आणि पुढे नळीच्या टोकास ही माशी. खाचेच्या बरोबर मध्यावर माशी यावी, दोहों बाजूंस प्रकाशाची सारखी रेघ राहावी आणि दोहोंची माथी एका पातळीत असावीत, एवढेच त्यास पाहावयाचे असते. मनुष्याच्या डोळ्यास खाच, माशी व लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. तेव्हा एकाची निवड करणे प्राप्त आहे. आणि अनुभवी नेमबाज माशीची निवड करतो.

असे का, ह्याचे उत्तर साध्या गणितात आहे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात खाच व माशी ह्यांमधील अंतर नियमाने जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असते. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर गोळी सुमारे ११ सेंटिमीटर बाजूस जाते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे आणि सारा काळा भाग वीस सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे ती गोळी काळ्याच्याही बाहेर पडली. उलट खाच व माशी जुळलेली ठेवून सारा हात एक सेंटिमीटर ढळला, तर गोळीही जवळजवळ तेवढीच ढळते. दूरची चूक लहान, जवळची चूक मोठी, असा हा विलक्षण हिशेब आहे.

दुसरी गोष्ट हाताची. शर्यतीच्या नियमांप्रमाणे पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. मनगटास अगर कोपरास कसलाही आधार चालत नाही. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत असू शकते आणि चाप ओढण्यास निदान एक हजार ग्रॅमचा जोर लागावा असे बंधन आहे. असे ओझे लांब केलेल्या हाताच्या टोकाशी धरले म्हणजे हात हलावयाचाच. नवशिका तो हलू नये म्हणून झगडतो; आणि माशी मध्यावरून सरकत आहे असे दिसताच घाईने चाप ओढतो. त्या झटक्यानेच त्याचा घात होतो. जुना नेमबाज हाताच्या हालण्याशी भांडत नाही. हालचालीचे एक लहानसे क्षेत्र तो मान्य करतो आणि चापावरील दाब इतक्या सावकाश वाढवितो की गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटेल हे त्याचे त्यासही कळू नये. स्थिरता म्हणजे हालचालीचा अभाव नव्हे, तर हालचाल चालू असता मन न हालणे, हे मत अशा मनुष्यास ग्रंथातून घ्यावे लागत नाही.

त्याच्या दिनचर्येत बाहेरच्यास पाहण्यासारखे फारसे काही नसते. मैदानावर गोळ्या झाडणे हा सरावाचा एक भाग झाला. पुष्कळसा सराव घरीच, रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर होतो. भिंतीवर लक्ष्य नसते, गोळी नसते, आवाज नसतो. हात उचलावयाचा, श्वास अर्धा सोडून थांबावयाचा, माशी पाहावयाची, चाप दाबावयाचा आणि माशी हलली का ते प्रामाणिकपणे स्वतःस सांगावयाचे. हे शेकडो वेळा. मग वही काढून दिवसाची नोंद करावयाची. पिस्तुलाची लाकडी मूठ हातास बेताची व्हावी म्हणून ती थोडी थोडी कानशीने घासावयाची, कोठे भर घालावयाची. ह्याखेरीज परवान्याचे कागद, महागडी काडतुसे, प्रवासात शस्त्र नेण्याच्या परवानग्या ही झंझट निराळीच. घरच्या माणसांना हा छंद समजावून सांगणे हेही एक व्रतच होय. कारण भिंतीकडे तासभर हात रोखून उभे राहिलेले माणूस काम करीत आहे, हे चटकन कोणास पटत नाही.

ह्या खेळाने आपल्याकडे मूळ धरण्यास एवढा विलंब का लागला, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १८७८ साली लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची हिंदी माणसास मनाई झाली. युरोपियनांस मात्र सवलत होती. हा भेदभाव राष्ट्रसभेच्या पहिल्या पिढीसही बोचत होता. संस्थानिक, शिकारी व लष्करी मंडळी वगळता सामान्य गृहस्थाचा बंदुकीशी संबंध तुटला. आणि जी वस्तू घरात नाही तिचा खेळ कोठून व्हावा?

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. मावळंकरांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्यास एका मराठी कुटुंबात झाला, वकिली त्यांनी अहमदाबादेस केली आणि पुढे ते पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. असहकाराच्या चळवळीत वावरलेल्या, गांधीजींच्या सहवासातील ह्या सौम्य गृहस्थाने नेमबाजीच्या संस्थेचे अध्यक्षपद घ्यावे, ह्यात वरवर विसंगती दिसेल. पण शस्त्र हाताळण्याची शिस्त नागरिकाच्या अंगी असणे आणि शस्त्राने कोणास इजा करणे ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ती विसंगती उरत नाही. त्यांच्या नावाने चालणारी मावळंकर नेमबाजी स्पर्धा पुढे अनेक पिढ्यांच्या नेमबाजांची पहिली पायरी झाली.

जगात तोवर पिस्तुलाचा खेळ जुना झाला होता. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच त्यास स्थान मिळाले. ह्या खेळाचा सर्वांत विलक्षण वीर हंगेरीचा कारोय टाकाच. १९३८ साली लष्करी सरावात हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने अभ्यास आरंभिला आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला जलद पिस्तूल नेमबाजीचे सुवर्णपदक त्याच डाव्या हाताने जिंकले. ज्या हेलसिंकीत टाकाच दुसऱ्यांदा विजयी झाला, त्याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. खाशाबांची तालीम कोल्हापुरात झाली होती. आणि मराठी नेमबाजीचा पुढील अध्यायही त्या कुस्तीच्या पेठेतच लिहिला जावयाचा होता.

स्त्रियांसाठी पंचवीस मीटर पिस्तुलाची स्वतंत्र शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. भारतात जसपाल राणा ह्यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविल्यावर पिस्तुलाचे नाव लोकांच्या तोंडी झाले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल खेळांत रायफलची दोन सुवर्णपदके मिळविली. त्यांच्याच गावच्या, १९९० साली जन्मलेल्या राही सरनोबत ह्यांच्या मनात ह्या यशाने ठिणगी पडली. सरनोबत हे शिवकालातील सेनापतीच्या हुद्द्याचे नाव. ते आडनाव धारण करणाऱ्या मुलीने पिस्तूल हाती घेतले, हा योगायोग कोल्हापुरास साहजिकच आवडला.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत राही सरनोबत व पुण्याजवळच्या खडकीच्या अनिसा सय्यद ह्या दोघींनी पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जोडीचे सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक शर्यतीत अनिसा पहिल्या, राही दुसऱ्या. चार वर्षांनी ग्लासगोस राही पहिल्या, अनिसा दुसऱ्या. जोडीदार तीच प्रतिस्पर्धी आणि प्रतिस्पर्धी तीच जोडीदार, अशी ही गंमत. पण उभे राहिल्यावर दोघींचाही सामना आपापल्या माशीशीच असतो.

ह्या शर्यतीचे स्वरूप वाचकांस ठाऊक असलेले बरे. एकंदर साठ गोळ्या. पहिल्या तीस अचूकतेच्या, पाच-पाचांच्या सहा फेऱ्यांत, प्रत्येक फेरीस पाच मिनिटे. पुढील तीस जलद: हात खाली पंचेचाळीस अंशांत रोखलेला; हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडावयाची; मग सात सेकंद तांबडा दिवा. पहिल्या भागात धीर धरणाऱ्यास दुसऱ्या भागात त्वरा करावयाची आणि तरीही चाप हिसकावयाचा नाही. एकाच अंगात दोन स्वभाव नांदविण्याची ही कसोटी आहे.

राही सरनोबत ह्यांची कारकीर्द सरळ चढत गेली नाही, आणि तीच तिची खरी शिकवण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्या एकोणिसाव्या आल्या. पुढच्याच वर्षी कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण मिळविले. ग्लासगोच्या यशानंतर कोपराच्या दुखापतीने त्यांना गाठले. ज्या हातावर सारे अवलंबून, तोच हात उचलेना. २०१६ चे रिओ ऑलिंपिक त्यांच्याविना झाले. मूळच्या मंगोलियाच्या व पुढे जर्मनीकडून खेळलेल्या, १९९२ व २००८ अशा दोन ऑलिंपिकांत कांस्यपदके मिळविणाऱ्या मुंखबयार दोर्जसुरेन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पुन्हा पाया घातला.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांग येथे आशियाई खेळांची अंतिम फेरी झाली. पात्रता फेरीत राही सातव्या होत्या. साऱ्यांचे डोळे अग्रस्थानी असलेल्या सोळा वर्षांच्या मनू भाकर ह्यांच्याकडे. अंतिम फेरीत पन्नास गोळ्यांअखेर राही व थायलंडच्या नफस्वान यांगपायबून ह्यांचे प्रत्येकी चौतीस वेध झाले. पाच गोळ्यांची जादा फेरी घेतली, तीही चार-चार अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या जादा फेरीत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि आशियाई खेळांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी पहिली भारतीय स्त्री कोल्हापूरची ठरली. त्या वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लक्ष्याऐवजी माशी पाहणाऱ्या नेमबाजास अर्जुनाच्या नावाचे भूषण!

२०२१ च्या जूनअखेरीस क्रोएशियातील ओसियेक येथे त्यांनी पुन्हा विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर एका महिन्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच बत्तिसाव्या आल्या. हात तोच, अभ्यास तोच. महिन्यात मनुष्याचे कौशल्य नाहीसे होत नाही. पण बाहेरच्या जगास महिन्यापूर्वीचे सुवर्ण आठवले नाही, बत्तिसावा क्रमांक मात्र आठवला. सहाशेपैकी ५७३ गुण म्हणजे दर गोळीस साडेनऊहून अधिक. शाळेत एवढे गुण मिळविणाऱ्या मुलाची घरोघर वाहवा होते. येथे मात्र त्यास पराभव म्हणतात. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे ह्यांनी रायफलचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा हेलसिंकीनंतरची बहात्तर वर्षे लोकांनी मोजली. त्या बहात्तर वर्षांत पांढऱ्या भिंतीसमोर किती हात उचलले गेले, ते कोण मोजणार?

मुरलेला नेमबाज ह्याबद्दल तक्रार करीत बसत नाही. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही आणि पुढची अजून आलेली नाही, हे त्याच्या धंद्याचे पहिले सूत्र. नऊ गुण पडले म्हणून हळहळणारा पुढच्या गोळीस आठ घेतो. दहा पडले म्हणून हरखणाऱ्याचीही तीच गत होते. गुणफलक हा त्याच्या दृष्टीने दूरचे लक्ष्यच: त्याकडे पाहिले की माशी अंधुक होते.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता येथे पेरूच्या बागा आहेत. पीक धरले म्हणजे राखणदाराने गोफण फिरवून पाखरे उडवावी, ही आपल्या गावांची जुनी नेमबाजी. त्यालाही पाखरू मारावयाचे नसते. बाग राखावयाची असते. शर्यतीच्या पिस्तुलाचेही तसेच आहे. त्याची गोळी कोणास लागावयाची नसते. ते शस्त्र हाती घेऊन मनुष्य स्वतःचा श्वास, स्वतःचे बोट आणि स्वतःची अधीरता राखीत असतो. पुढच्या खेपेस वर्तमानपत्रात एखाद्या नेमबाजाचा क्रमांक वाचावयास मिळाला, तर घरातील वडील माणसांनी मुलांना तो क्रमांक सांगण्यापूर्वी त्या पांढऱ्या भिंतीची हकीकत सांगावी.