तवंग पाण्यावर, दोष कोणावर?

घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने समुद्रात सांडलेल्या तेलाविषयी लिहावे, हे काही वाचकांना वावगे वाटेल. परंतु मुंबईशी आमच्या उंबरमाळीचे नाते दुहेरी आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही त्या शहराची पाण्याची भांडी आमच्या शहापूर तालुक्यात. आणि पावसाळ्यात आमच्या भाकरीला तोंडी लागणारे सुके बोंबील त्या शहराच्या किनाऱ्यावरचे. म्हणून २०१० च्या ऑगस्टात मुंबई बंदराच्या तोंडाशी जे घडले, त्याची झळ खर्डीच्या बाजारापर्यंत पोचली.

घडले ते असे. ७ ऑगस्ट, शनिवार. सकाळचे दहा वाजायला आले होते. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून ‘एमएससी चित्रा’ हे पनामाच्या झेंड्याचे जहाज बाहेर पडत होते. अंगावर बाराशेहून अधिक कंटेनर. समोरून मुंबई बंदराकडे ‘खलिजिया ३’ येत होते. दोन्ही बंदरांची जा-ये एकाच खोल मार्गाने चालते. त्या मार्गावर दोघांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलले, त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात घसरले, आणि पोटातले काळे जळण-तेल पाण्यावर पसरू लागले. जहाजात २,६०० टनांहून अधिक तेल होते; त्यांपैकी सुमारे ८०० टन सांडले. ३१ कंटेनरांत कीटकनाशकांसारखे घातक पदार्थ होते. खलाशी वाचले, ही त्यातली सुदैवाची गोष्ट. दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली. उरण, घारापुरी, अलिबाग या बाजूच्या तिवरांच्या मुळांना काळा लेप बसला.

आता दोष कोणाचा? पोलिसांनी दोन्ही कप्तानांवर गुन्हा नोंदवला. कप्तान परका, त्याला मत नाही आणि त्याची बाजू घेणारा मोर्चाही नाही. तेव्हा पहिला दोष त्याच्या पदरात पडतो, ही जगभरची रीत आहे. पण राजकारणाचे पोट एवढ्याने भरत नाही. इथे एक मोठी पंचाईत झाली. मुंबईत अशोक चव्हाणांचे सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे आणि दिल्लीत मनमोहन सिंगांचेही त्याच पक्षांचे. केंद्राने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे बोट दाखवावे, तर बोट आपल्याच छातीवर येई. मग पक्षांत न वाटता आलेला दोष खात्यांत वाटला गेला, असे मला त्या दिवसांची वर्तमानपत्रे वाचताना वाटे. जहाजांची ये-जा नौवहन खात्याकडे, म्हणजे जी. के. वासन यांच्याकडे. पर्यावरण जयराम रमेश यांच्याकडे. भर समुद्रातले तेल आवरायचे ते तटरक्षक दलाने, आणि ते दल संरक्षण खात्याचे. बंदराच्या हद्दीत बंदराने पाहावे. तेल वाळूला लागले की ते राज्याचे. राष्ट्रीय आपत्ती योजनेने १९९६ पासून कामाची ही वाटणी करून ठेवली होती. ती कामासाठी होती, पण जबाबदारी झटकायलाही तितकीच सोयीची ठरली. तेलाला मात्र या हद्दी ठाऊक नव्हत्या. भरतीबरोबर ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वाहत गेले.

त्याच वर्षी अमेरिकेत याहून कितीतरी मोठा अनर्थ झाला होता. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ माणसे दगावली. ८७ दिवस विहीर वाहत राहिली, सुमारे ४९ लाख पिंपे तेल समुद्रात गेले. लोकांनी ओबामांनाही धारेवर धरले. पण भरपाई कोणाच्या दारात मागायची, याविषयी कोणाला शंका नव्हती. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ फुटल्यानंतर तिथे १९९० साली कायदा झाला होता, की आधी जबाबदार कंपनीने पैसे मोजावेत. म्हणून जूनमध्येच बीपी कंपनीने २० अब्ज डॉलरचा निधी कबूल केला. रागाला पत्ता होता. आपल्याकडे राग भरपूर, पण पत्ता नव्हता. १९६७ साली कॉर्नवॉलजवळ ‘टोरी कॅन्यन’ फुटली, तिच्यापासून निघालेला १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार तेलवाहू जहाजांपुरता होता. चित्राचे तेल तिचे स्वतःचे जळण होते. तशा तेलासाठी वेगळा करार २००१ मध्ये झाला, २००८ मध्ये अमलातही आला. परंतु भारत तेव्हा त्यात नव्हता.

आता लोकांचे पाहा. आषाढी अमावास्या तीन दिवसांवर आलेली. घरोघरी गटारीचे बेत ठरलेले. त्यात मासळी खाऊ नका अशी हाकाटी झाली आणि मुंबईचे मासळीबाजार ओस पडले. आमच्याकडे आवणी उरकत आली होती. खर्डीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या मावशीला एका बाईने बोंबील हुंगून विचारले, “मावशे, याला राकेलचा वास तर नाही ना गं?” मावशी म्हणाली, “बाय, हे बोंबील उन्हाळ्यात वाळवलेत. तेल परवा सांडलं.” बाईने बोंबील पाटीत परत टाकले. मावशीचे म्हणणे सोळा आणे खरे होते, पण त्या आठवड्यात खरेपणाला गिऱ्हाईक नव्हते.

मग श्रावण लागला. खाणाऱ्यांनी रीतीप्रमाणे मासळी सोडली, आणि त्यांच्या संतापाची धारही बोथट झाली. महिनाभर जे खायचेच नाही, त्यावर किती बोलायचे? कोळ्यांचे गणित उलटे होते. २४ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. पावसाळ्यातली बंदी संपवून त्यांनी होड्या लोटायच्या, त्या नेमक्या तवंगाच्या पाण्यात. जाळ्याला तेल लागले तर जाळे गेले, आणि न लागले तरी भाव गेलाच. पाहणी झाली, पंचनामे झाले. दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांना कुलाब्याची ‘आदर्श’ इमारत सापडली. ९ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, तो त्या इमारतीपायी. तेलाचे नाव तोवर पहिल्या पानावरून उतरले होते.

पुढल्याच पावसाळ्यात, ३१ जुलै २०११ ला, ‘पवित’ नावाचे निर्मनुष्य जहाज कोणाच्याही नजरेस न पडता थेट जुहूच्या वाळूत येऊन बसले. ४ ऑगस्टला कोळशाने भरलेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईबाहेर बुडाले आणि किनाऱ्याला पुन्हा तेल लागले. जळण-तेलाच्या त्या करारात सामील होण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मान्यता दिली. ‘रॅक कॅरियर’च्या खटल्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजाच्या मालकांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकांना, म्हणजे अदानी कंपनीला, ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. भरपाई पर्यावरणाच्या हानीची होती. मावशीच्या पाटीत परत पडलेल्या बोंबलांचा हिशेब तिच्यात मांडायला कोणते खाते बसणार होते?