अंगठ्याचे २५ टक्के

मुंबईच्या कापडगिरण्यांचा पाया १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी घातला. पुढे गिरणगाव वाढत गेले, तसे तिथल्या कामगाराच्या मागे दोन धोके लागले. एक जिवाचा, दुसरा पोटाचा. कायद्याला पहिला लवकर दिसला. दुसऱ्याची झळ कित्येक पिढ्या त्याच्या घरानेच सोसली.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालायला लावले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने तर अवयवांचा तक्ताच जोडला. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद २५ टक्क्यांनी घटली असे धरायचे; एका डोळ्याला ३० टक्के, तर्जनीला १०. वाचताना अंगावर काटा येतो, तरी हे पाऊल मोठे होते. अपघाताला तारीख-वेळ असते आणि यंत्राला मालक, त्यामुळे भरपाई कुणी द्यायची हा प्रश्न सुटत होता.

कापसाच्या धुळीची गोष्ट वेगळी. ती वर्षानुवर्षे छातीत जाते. सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळते, दम लागतो. या बिसिनोसिसची तारीख कुणी सांगावी?

आणि बदली कामगाराचे काय? सकाळी तो गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणी खाडा केला असेल, तरच त्याला काम. कुणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवायचा, त्यामुळे त्याची मर्जी राखावी लागे. काम मिळाले नाही तर पगार नाही, पण वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज थांबत नसे. १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आली, बदलीवाल्यांना कार्डे मिळाली, तरी रोजच्या कामाची हमी नव्हतीच. अशा माणसाने यंत्राच्या उघड्या पट्ट्याबद्दल तक्रार करावी कशी? कायद्याने वेगळे केलेले हे दोन धोके त्याच्यासाठी एकच होते.

काम नसल्यामुळे घरी बसवलेल्या कामगाराला अर्धा पगार मिळण्याची तरतूद १९५३ साली झाली, म्हणजे अंगठ्याचा दर ठरल्यावर तीस वर्षांनी. त्यातही बदलीवाल्याला आधी एक वर्षाची सलग नोकरी दाखवावी लागे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि कित्येक कामगार भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. धूळ तीच, खडखडाट तोच. गिरणीत लढून मिळवलेली रजा आणि विमा मात्र तिथे बहुतेकांना मिळाला नाही.