हान्सचे गणित

२०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले. संघात मुंबईचे हृदय छेडा होते. ड्रेसाजमध्ये स्वाराच्या अगदी बारीक हालचाली ओळखून घोडा ठरावीक चाली चालतो. हे त्याला जमते कसे?

बर्लिनमध्ये १९०४ साली हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची अचूक उत्तरे देई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, की हान्स चुके! बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई. ते पाहून हान्स थांबे. त्याला गणित येत नव्हते, माणूस वाचता येत होता. स्वार आणि घोड्याचे नातेही याच वाचनावर घडते.

आम्हा शिक्षकांनाही हे तपासायला हवे : फळ्यापाशी उभे असलेले मूल गणित सोडवते, की आमचा चेहरा वाचते?