पदवी आधी दिल्लीला, मग एडिंबराला

नर्सिंगच्या इतिहासाचा पेपर मी बरीच वर्षं शिकवला. विद्यापीठाची नर्सिंगची पदवी आधी कुठे सुरू झाली, इंग्लंडात की आपल्याकडे, असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘इंग्लंड’ म्हणायचा. नाइटिंगेलबाईंचं नाव डोक्यात इतकं पक्कं बसलेलं! प्रत्यक्षात दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं १९४६ साली. ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठानं नर्सिंगचा विभाग काढला १९५६ मध्ये, तोही अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं. तिथला पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १९६० उजाडलं. साहेबाच्या देशाआधी आपल्याकडे पदवी आली, याचं मुख्य कारण म्हणजे आपण ती साहेबाकडून घेतलीच नाही.

साहेबाकडून आलं ते हॉस्पिटलला जोडलेलं ‘स्कूल’. नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात ते उभं केलं. मुलीनं वॉर्डात राबायचं, राबता राबता शिकायचं आणि सगळी सूत्रं मेट्रनच्या हाती. मिशनरी आणि सरकारी इस्पितळांतून हीच पद्धत इथे रुजली. तिनं खूप काही दिलं, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, ते याच पद्धतीच्या आधारावर. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळीला घराबाहेर राहायचं. त्या काळच्या पांढरपेशा घरात नुसता विषय काढायलाही छाती लागत असणार.

पण त्या पद्धतीत एक गोम होती. विद्यार्थिनी म्हणजे बिनपगारी हात. हॉस्पिटलला माणूस कमी पडला की लेक्चर रद्द. अमेरिकेतही हेच चाललं होतं, फरक इतकाच की तिथल्या बायका विद्यापीठात जाऊन भांडल्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १८९९ पासून प्रशिक्षित नर्सेससाठी वर्ग होते. १९०७ मध्ये तिथेच अ‍ॅडलेड नटिंग या नर्सबाई प्राध्यापक झाल्या, जगातल्या पहिल्या. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानं हॉस्पिटलची गरज आणि मुलीचं शिक्षण यांची गल्लत उघडी पाडली आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र नर्सिंग स्कूल निघालं. त्यालाही पैसा रॉकफेलरचाच.

हा विचार इकडे आला तो मिशनरी बायकांच्या ट्रंकांतून. वेल्लोरला मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांच्या हॉस्पिटलात १९०९ पासून नर्सिंग स्कूल होतंच, त्याला मद्रास विद्यापीठाच्या पदवीची जोड मिळाली. दिल्लीचं कॉलेज सरकारी, पण सुरुवातीच्या काळात त्याची धुरा मार्गारेटा क्रेग या अमेरिकी बाईंकडे होती. राजकुमारी अमृत कौर यांचं नाव त्याला नंतर मिळालं. त्याच १९४६ मध्ये देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. देशात नोंदणी झालेल्या नर्सेस सात हजारांच्या आसपास, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. इतक्या टंचाईत चार वर्षांची पदवी काढणं ही चैन आहे, असं म्हणणारे तेव्हाही असतील. माझ्या मते तो त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण शिकवणाऱ्याच नसतील तर सात हजारांच्या सत्तर हजार करणार कोण?

आमच्या महाराष्ट्रात पदवीला वेळ लागला. एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं १९६४ मध्ये. मी जनरल नर्सिंग करून, स्टाफ नर्स म्हणून राबून, मग पदवीकडे वळलेली. त्यामुळे दोन्ही घरचं जेवलेय. पलंग करायला शिकले ती पद्धत अस्सल विलायती: चादरीचा कोपरा ४५ अंशांतच दुमडायचा, उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. ते तसं का, हे विचारायची सोय नव्हती. पदवीला गेल्यावर हाती आला अमेरिकी केअर प्लॅन. व्हर्जिनिया हेंडरसन या नर्सिंगतज्ज्ञ बाईंनी मांडलेल्या पेशंटच्या चौदा गरजा, श्वासापासून सुरुवात, आणि प्रत्येक कृतीपुढे ‘कारण’ लिहायचा रकाना. त्या रकान्यानं मला विचार करायला शिकवलं, हे मी आजही कबूल करते.

मात्र त्या कागदात आमचा वॉर्ड बसत नव्हता. पेशंटला पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे सगळं नर्स करते, असं तो धरून चालायचा. आमच्याकडे चाळीस पेशंटमागे एक स्टाफ नर्स आणि पलंगाखाली चटई टाकून झोपलेली पेशंटची बायको. निम्मी शुश्रूषा तीच करायची, केअर प्लॅनमध्ये तिला जागाच नाही. पुढे शिकवायला लागल्यावर मी मुलींना कडेला एक जास्तीचा रकाना आखायला लावायचे: ‘सोबत कोण?’ परदेशी तज्ज्ञ बाई पाहणीला आल्या की त्या रकान्यापाशी थांबत, कौतुक करत. त्यांच्या पुस्तकांत तो गेल्याचं काही मी पाहिलं नाही. देवाणघेवाण म्हणायची, पण देणारे कोण आणि घेणारे कोण हे आधीच ठरलेलं.

आता वर्तमानपत्रांत दर काही दिवसांनी फोटो येतो. कुठल्यातरी खासगी कॉलेजचा कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार, मध्ये फाईल, दोन्ही बाजूंना हसरे कुलगुरू. सगळेच करार पोकळ नसतात. पण ज्या मुलींच्या नावानं सह्या होतात, त्यांना कित्येक ठिकाणी वॉर्डात माणूस कमी म्हणून अजूनही लेक्चर सोडून उभं केलं जातं. मुलीला अशा कॉलेजात घालणाऱ्या आईबापांनी फोटोतल्या विद्यापीठाचं नाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: आठवड्यात वॉर्डाचे तास किती, आणि त्या वेळी शिकवणाऱ्या बाई वॉर्डात असतात का?