घरगुती बियर आणि पाण्याचा हिशेब



इतिहास म्हटला म्हणजे राजे आणि लढाया आठवतात. परंतु घरच्या भांड्यांत पाणी किती घालावें, या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे. तो आज आपण इंग्लंडच्या खेड्यांत पाहूं.

तेथें जवास मोड आणून ते वाळवीत. त्यालाच मॉल्ट म्हणतात. तें भरडून गरम पाण्यांत भिजविलें म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होते. हा गोड रस निथळून, हॉप्सच्या फुलांसह उकळून, निववून त्यांत यीस्ट हें किण्व घातलें कीं कांहीं दिवसांनीं बियर होते. १६९७ सालीं मॉल्टवर कर बसला. विल्यम कॉबेटनें १८२२ सालच्या 'कॉटेज इकॉनॉमी' या पुस्तकांत तक्रार केली कीं, मॉल्ट व हॉप्स यांवरील करांमुळें मजुरांच्या घरची बियर बंद पडली. उकळतें पाणी योग्य तितकें निवालें कीं नाहीं, हें त्यांत आपला चेहरा स्पष्ट दिसूं लागण्यावरून ओळखावें, असेंही तो सांगतो.

मोठ्या कारखान्यांत मात्र अंदाज मागें पडूं लागला होता. जॉन रिचर्डसन यानें १७८४ सालीं रसाची घनता मोजणारें सॅकरोमीटर पुढें आणलें आणि धान्यांतून सत्त्व किती उतरलें हें आंकड्यांत कळूं लागलें. १८८० सालीं ग्लॅडस्टननें मॉल्टवरील कर उठविला. पण घरीं बियर करणारास परवाना लागूं झाला. तो रेजिनाल्ड मॉडलिंगनें १९६३ सालीं रद्द केला. हक्क परत आला. परंतु आईकडून लेकीकडे चालत आलेलें ज्ञान मध्यंतरीं बहुतेक घरांत खंडित झालें होतें. त्याची उणीव हिशेबानें भरून काढावी लागली.

आजचा नवशिका थोडें धान्य घेतो व उरलेल्या धान्याऐवजीं डब्यांतील मॉल्टचा दाट पाक वापरतो. समजा, बियर २० लिटर हवी. धान्य २ किलो, पाक दीड किलो. भाताचे तांदूळ पाणी पितात, तसें हें धान्यही पितें: किलोमागें सुमारें १ लिटर, म्हणजे २ लिटर चोथ्यांत गेलें. उकळतांना ३ लिटरांची वाफ झाली आणि तळच्या गाळांत १ लिटर राहिलें, असें धरूं. बेरीज २६. पाक स्वतःच सुमारें १ लिटर जागा व्यापतो. तो वजा जातां २५ लिटर पाणी पाहिजे. त्यांतील ६ लिटर धान्य भिजविण्यास, किलोमागें ३ या मानानें. उरलेल्या १९ लिटरांपैकीं थोड्या गरम पाण्यानें चोथा धुवावा. फार धुतल्यास रस तुरट होतो. बाकीचें पाणी भर घालण्यास ठेवावें. हा हिशेब न करतां २० लिटरच ओतलें, तर हातीं १५ लिटर येईल.

सरकारनें करासाठीं मोजलें, कारखानदारानें नफ्यासाठीं मोजलें; खेडुताचें घर तेवढें अंदाजावर राहिलें. कॉबेटला मजुराच्या घरीं जी बियर हवी होती, ती आज शाळेंतल्या बेरीज-वजाबाकीच्या बळावर कोणालाही साधते. कायद्यानें हक्क मिळतो खरा. पण तो वापरावयाचा तर माप आपल्या हातीं असावें लागतें.